खपलीचं माप

गावच्या सार्वजनिक स्नानगृहाच्या पोटात जी गुहा होती, तिची मोजणी वर्षातून एकदाच व्हायची आणि गेली एकतीस वर्षं ती एकच माणूस करत आला होता. सगळे त्याला मोजणीवाले म्हणायचे. घरात तो आबा होता.

या वर्षी आबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. शंभरावर पायऱ्या उतरायच्या, पुढे ओल्या दगडांवरून ओणव्याने जायचं, ते आता होण्यातलं नव्हतं. मुलगा जहाजावर, चार-चार महिने घरी नाही. उरली सून. ती त्याच स्नानगृहाच्या पाणी तपासायच्या खोलीत नोकरीला होती. रोज सकाळी सहाला हौदाच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरायचे, त्यांत थेंब टाकून रंग बघायचे आणि तक्त्यात आकडे लिहायचे, हे तिचं काम.

"सोपं आहे गं," आबा आदल्या दिवशी तिला समजावत होते. मांडीवर सहा वर्षांची नात बसली होती. लाडाने सगळे तिला ठकी म्हणायचे. "भिंतीत आणि छतात चाळीस खुंट्या आहेत, स्टीलच्या, बोटभर लांब. मी स्वतः ठोकल्यात. खुंटीचं डोकं भिंतीच्या बाहेर किती आलंय, ते व्हर्निअरची मोजपट्टी लावून वाचायचं. भिंत झिजत असेल तर खुंटी जास्त बाहेर दिसेल. कळलं?"

"कळलं."

"आणि आजवर एकही खुंटी जास्त बाहेर आलेली नाही. उलट दर वर्षी आतच जातात, केसभर, दोन केसभर. भिंत अंग धरतेय." मग ठकीच्या पोटाला बोट लावून म्हणाले, "हिच्यासारखी."

"मी नाही धरत अंग! तुम्हीच धरता," ठकी म्हणाली.

"बघ, माप बरोबर घेते. माझ्यावरच गेलीय." आबांचा चेहरा उजळला. मग ते एकदम गंभीर झाले. "एक मात्र लक्षात ठेव. भिंतीला हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही. हात लागला की पापुद्रा निघतो आणि वर्षाचं माप बिघडतं. एकतीस वर्षांत मी भिंतीला शिवलेलो नाही."

हे ते अभिमानाने म्हणाले, एखादा माणूस म्हणतो ना, उभ्या आयुष्यात कुणाचा कपभर चहा फुकट प्यायलो नाही म्हणून, तसं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती उतरली. पंपवाला वरच्या लोखंडी दारापाशी दोरी धरून बसला. तिने तोंडाला मास्क लावला होता आणि कमरेला गॅसचं मीटर. त्या गुहेत नाकावर भरवसा ठेवायचा नाही, हे तिथल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवलं जाई. कुजक्या अंड्यांचा वास आला तर अजून नाक जागं आहे म्हणायचं. वास अचानक थांबला तर पळायचं. हवा चांगली झालेली नसते, नाक मेलेलं असतं.

खाली झरा होता, कोमट, दुधात निळीचा थेंब पडावा तसल्या रंगाचा. त्यातून गॅस सुटायचा आणि वर चढायचा. छतावरून ओले, चिकट, बोटभर लांबीचे लोंबते धागे टपकत होते. कामगार त्यांना शेंबूड म्हणायचे आणि दुसरं कुठलंही नाव त्याहून बरोबर ठरलं नसतं. पण त्या शेंबडाचा एक थेंब तिच्या बाहीवर पडला तेव्हा कापडाला भोक पडलं.

ती रसायनशास्त्र शिकलेली होती. तिला माहीत होतं, की ते धागे जिवंत आहेत. लाखो जिवाणू एकमेकांना बिलगून तिथे राहतात. ऊन नाही, पान नाही, माती नाही. जे कुणालाच नको, तो विषारी गॅस खाऊन ते जगतात आणि त्या बदल्यात गंधकाम्ल टाकतात. ते आम्ल चुनखडीला लागलं की दगडाचं जिप्सम होतं. पांढरं, मऊ, दगडापेक्षा फुगीर. कधीतरी ते आपल्याच वजनाने गळतं, झऱ्याचं पाणी त्याला वाहून नेतं आणि मागचा उघडा पडलेला दगड पुन्हा त्या बारक्या जिवांच्या तोंडी जातो. ही गुहा पाण्याने कोरलेली नव्हतीच. ती खाल्लेली होती.

हे सगळं तिला पुस्तकातून माहीत होतं. पण पुस्तकातलं माहीत असणं आणि आबांची मोजणी, ही दोन्ही तिच्या डोक्यात वेगवेगळ्या फडताळांत ठेवलेली होती. त्यांची गाठ पडली ती सव्विसाव्या खुंटीपाशी. व्हर्निअर टेकवताना तिचा हात जरा जोरात लागला आणि खुंटी हलली. पडायला आलेला दुधाचा दात जिभेने ढकलावा, तशी.

ती बराच वेळ त्या खुंटीकडे बघत राहिली. मग तिने तो एकतीस वर्षांचा नियम मोडला. हातमोज्यातली दोन बोटं भिंतीला लावली आणि दाबली.

बोटं आत गेली. मग पंजा गेला. मग मनगट.

भिंत भिंत नव्हतीच. मळून ठेवलेल्या कणकेसारखी ओली, थंड, पांढरी लगदी होती ती. खुंटी दगडात नव्हती, ती लगदीत तरंगत होती. लगदी दर वर्षी थोडी फुगायची, खुंटीचं डोकं थोडं झाकायची, आणि वर आबा आनंदाने लिहायचे, भिंत अंग धरतेय.

ती घाईघाईने पुढच्या खुंट्यांकडे गेली. सत्तावीस ते चाळीस छतात होत्या. त्या छतावर हौदाचा मोठा हॉल उभा होता.

*

रात्रीची जेवणं आटोपून ठकी निजल्यावर तिने सांगितलं. मुद्दाम हळू आवाजात, वाटीत औषध कालवून द्यावं तसं.

आबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "हात लावलास?"

"आबा, मी काय सांगतेय..."

"हात लावलास की नाही?"

"लावला."

"मग माप बिघडलं. आता त्या खुंटीचं काहीही सांगता येणार नाही."

"आबा, खुंटीचं माप कधी नव्हतंच! खुंटी आणि भिंत दोन्ही एकत्रच हलतायत. बोटीत बसून बोट पुढे गेली का हे बोटीवरच खूण करून मोजण्यासारखं झालंय ते."

"वा! चार बाटल्या हलवल्या आणि बाईसाहेब मला मोजणी शिकवायला लागल्या." त्यांचा आवाज चढला, मग ठकीच्या आठवणीने खाली आला. "तू शाळेत पाटी पुसत होतीस तेव्हा मी त्या छताखाली उताणा पडून आकडे घेत होतो. काही पोचबिच आहे का तुला?"

"मग चला माझ्याबरोबर. सळई घेऊन. मी खोटी ठरले तर पुन्हा शब्द काढणार नाही."

त्यांनी गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "गुरुवारी. बुधवारी गुडघ्यांना शेक घेतो."

गुरुवारी सकाळी ते उतरले. एकेका पायरीला एकेक श्वास मोजावा लागत होता. ती पुढे, ते मागे, हात तिच्या खांद्यावर. खाली पोचल्यावर मात्र ते बदलले. पाठ वाकवून, मान तिरपी करून ते असे सरकले, की तिला वाटलं, हा माणूस स्वतःच्या घरापेक्षा इथेच जास्त राहिलाय. प्रत्येक खुंटीपाशी ते क्षणभर थांबायचे, जुन्या ओळखीच्या माणसाला मान डोलवावी तसे.

छत्तिसाव्या खुंटीखाली त्यांनी सळई मागितली. मीटरभर लांब होती. टोक छताला लावलं आणि एका हाताने वर रेटलं.

सळई गेली. वीतभर. हातभर. आबा रेटत राहिले. शेवटी त्यांची मूठ छताला टेकली.

वरून आवाज येत होता. धपधप, धपधप, आणि मग टाळ्या. दर गुरुवारी सकाळी तान्ह्या बाळांच्या आया हॉलमध्ये यायच्या. कोमट हौदात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून त्या बाळांना झुलवायच्या, गाणी म्हणायच्या. बाळं पाण्यावर हात आपटायची. आपल्या ठकीला तिनेही असंच झुलवलेलं होतं.

"किती गेली?" आबांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं असं नाही.

"पूर्ण गेली, आबा."

"कागदावर अडीच मीटर दगड आहे."

"कागदावर."

त्यांनी सळई खाली ओढली. भोकातून पांढरा चोथा त्यांच्या मास्कवर पडला. तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही. दुसऱ्या जागी त्यांनी पुन्हा रेटली. पुन्हा मूठ टेकली. तिसऱ्या जागी तेच. मग सळई तिथेच टाकून ते खाली दगडावर बसले, आणि ती कमरेचं मीटर बघत म्हणत राहिली, "चला आबा, वेळ झाली, चला."

*

मॅनेजरसाहेब वाईट माणूस नव्हता. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, सगळं ऐकलं. त्याच्या टेबलावर आबांची एकतीस वर्षांची रजिस्टरं एकावर एक रचलेली होती.

"मोजणीवाले, तुम्ही लिहून द्या. तुमच्या एका ओळीवर मी आज, आत्ता हॉल बंद करतो," तो म्हणाला. "पण ओळ अशी हवी, की वरून विचारलं तर मला सांगता येईल. म्हणजे असं, की आजवरची सगळी मापं चुकीची होती."

आबांनी पेन उचललं. तिने बघितलं, पेनाचं टोक कागदापासून बोटभर वर थांबलं होतं.

"सगळीच चुकीची असं नाही," ते म्हणाले. "मापं बरोबर आहेत. व्हर्निअर बरोबर आहे. फक्त..."

"फक्त काय?"

"मी भिंतीवरच्या खपलीचं माप घेत होतो," आबा म्हणाले, पण इतकं हळू, की मॅनेजरला पुढे वाकावं लागलं. "एकतीस वर्षं. हे लिहू?"

मॅनेजर म्हणाला, आणि त्यात दयाच होती, ही खरी वाईट गोष्ट. "असं करू. पुढल्या महिन्याच्या एक तारखेला सोमवार येतो. त्या दिवसापासून हॉल रंगकामासाठी बंद. रंगकाम कधीही काढता येतं, कुणी का म्हणून विचारत नाही. बंद झाला की तज्ज्ञ बोलावू, ते जे काय सांगायचं ते सांगतील. तुमचं नाव कशाला मध्ये? एकतीस वर्षं उभं आहे, अकरा दिवस उभं राहील."

आबांनी सुनेकडे बघितलं. असं त्यांनी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. त्या नजरेत मोजणीवाले नव्हते, आबाही नव्हते. नुसता एक म्हातारा माणूस होता आणि तो काहीतरी मागत होता.

"अकरा दिवस," ती म्हणाली.

आबांनी रजिस्टरात लिहिलं, किंचित वाढ, स्थिती ठीक. आणि खाली सही केली.

*



हॉलची फरशी पुसायला एक मावशी होती. पन्नाशीची, बुटकी, तोंडाने फटकळ. ठकीची शाळा आठला आणि आईचं काम सहाला, त्यामुळे मधले दोन तास ठकी मावशीकडे असायची. हौदाच्या कडेला बाकावर बसून चित्रं काढायची, नाहीतर मावशीच्या मागून कोरडं फडकं फिरवायची. "माझी मुकादम आली," मावशी म्हणायची. "आता मला बसायला मिळणार नाही."

त्या गुरुवारनंतर शुक्रवारी ती एकटीच कामावर आली. ठकीला आबांजवळ घरी ठेवलं होतं.

"मुकादम कुठंय?" मावशीने विचारलं.

"सर्दी झालीय तिला."

हे तोंडून किती सहज गेलं, याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. सगळी रात्र ती जागी होती आणि ठकीला घरी ठेवायचं हे ठरवायला तिला एक क्षणही लागला नव्हता. मावशीला काय सांगायचं याचा मात्र तिने विचारच केलेला नव्हता. सांगितलं असतं तर मावशीने ते तासाभरात सगळ्या गावाला सांगितलं असतं. मावशीच्या पोटात काही राहायचं नाही. मग रंगकाम कसलं आणि आबांचं नाव कसलं? तिने स्वतःला समजावलं, फक्त अकरा दिवस. मग दहा. मग नऊ.

"सर्दी अजून गेली नाही?" मंगळवारी मावशी म्हणाली आणि तिच्या हातात मधाची बाटली कोंबली. "सकाळ-संध्याकाळ चाटव. आणि डॉक्टरकडे ने, नुसती बाटल्या हलवत बसू नकोस."

पुढच्या गुरुवारी आया आल्या. ती हातातलं काम टाकून हॉलच्या दाराबाहेर उभी राहिली. तासभर. आत सतरा बाळं होती. काचेतून तिने ती पुन्हा पुन्हा मोजली. एक बाळ पाण्याला घाबरून रडत होतं आणि त्याची आई त्याच्या कानात काही सांगत होती. दार ढकलायचं आणि ओरडायचं, एवढंच होतं. हात दोनदा दाराच्या मुठीपर्यंत गेला. तास संपला, बाळं टॉवेलात गुंडाळून बाहेर गेली, आणि तिला इतकं हलकं वाटलं, की पाण्याच्या खोलीत जाऊन ती रडली. वाटलं, निभावलं. आता गुरुवार नाही. आता चारच दिवस.

शुक्रवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी हॉल खाली गेला.

फार मोठा आवाज झाला नाही. नंतर सगळे हेच सांगत होते. ओलं पोतं जमिनीवर टाकावं तसा एक दबका आवाज, मग हौदाचं सगळं पाणी एकदम गिळल्याचा, आणि मग वास. ती पाण्याच्या खोलीतून धावली तेव्हा फरशी दारापासून चार पावलांवर संपत होती. पुढे काहीच नव्हतं. खालून गॅस वर येत होता. ती मावशीला हाका मारत राहिली. पंपवाल्याने तिला कमरेला धरून मागे ओढलं तेव्हाही ती हाका मारत होती, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की वास येईनासा झालाय.

मावशी दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. पांढऱ्या चिखलात.

*

चौकशी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. चौकशीसाठी बाहेरगावाहून एक बाई आल्या होत्या. शेजारी लिहून घेणारा कारकून, समोर बाकांवर पंधरा-वीस माणसं. पहिल्या रांगेत मावशीचा मुलगा. तो बसगाड्या दुरुस्त करायचा. नखांतलं तेल घासूनही गेलं नव्हतं. हात मांडीवर उपडे ठेवून तो बसला होता.

मॅनेजरने सांगितलं, मोजणी नियमित होत होती. रजिस्टरं पुढे केली. बाईंनी शेवटचं पान मोठ्याने वाचलं. किंचित वाढ, स्थिती ठीक.

"ही सही तुमची?"

"माझी," आबा म्हणाले.

"म्हणजे हे होईल असं मोजणीवरून कुणालाच कळण्यासारखं नव्हतं?"

सभागृहात पंखा फिरत होता. "मोजणीवरून," ते म्हणाले, "नाही."

ते खोटं नव्हतं. ती शेजारी बसून ते ऐकत होती. तिला कळलं, की हे असंच आता फुगत जाणार. लोक म्हणतील, बिचाऱ्यांचं काम चोख होतं, दैवापुढे कुणाचं काय चालतं? कुणी त्यांना काही विचारणार नाही. ठकी मोठी होईल आणि तिलाही हेच सांगितलं जाईल.

"कुणाला काही विचारायचंय?" बाईंनी विचारलं. बोलण्यात निरोपाचा सूर होता.

मावशीचा मुलगा उठला. तो बाईंकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता.

"ताई, तुमची छोकरी रोज आईपाशी असायची ना?"

"हो."

"त्या दिवशी नव्हती. देवाचीच कृपा. आई सांगायची मला, तिची सर्दी काही जात नाही म्हणून. रोज सांगायची. बरी आहे ना आता?"

त्याने खरंच काळजीने विचारलं होतं. त्यात आडपडदा नव्हता, टोमणा नव्हता. तिने मान नुसती हलवली असती तरी तो खाली बसला असता. आबांचा हात तिच्या हातावर आला. तो हात तिला थांबवत होता की ढकलत होता, हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही.

ती उभी राहिली.

"तिला सर्दी नव्हती झालेली," ती म्हणाली. "मी तिला घरी ठेवली होती. आठ दिवस. मला माहीत होतं."

मॅनेजरने डोळे मिटले.

"काय माहीत होतं?" बाई म्हणाल्या.

"छतात दगड उरला नव्हता. मी हात घातला होता त्यात. मग आबांनी सळई घातली."

"आणि ही... हे रजिस्टर?"

"ते त्यानंतर लिहिलंय," आबा म्हणाले. ते उभे राहू पाहत होते आणि गुडघे त्यांना उठू देत नव्हते. शेवटी पुढच्या बाकाला धरून ते उठले. "तिने मला सांगितलं होतं. लिहायचं मी होतं. मी नाही लिहिलं."

मावशीचा मुलगा अजून उभाच होता. त्याला सगळं एकदम कळलेलं नव्हतं. चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत होतं, आणि ते बघणं तिला भाग होतं.

"आईला सांगितलं होतं का कुणी?" त्याने विचारलं.

"नाही."

"रोज भेटत होता तुम्ही."

"हो."

"रोज?"

"रोज," ती म्हणाली.

कारकुनाने पेन वर धरलं. "जरा थांबा ताई, माझं मागे राहिलं. पहिल्यापासून सांगा. हळू."

तिने मंगळवारपासून सांगायला सुरुवात केली. एकेक शब्द सुटा करून, कारकुनाला लिहायला वेळ मिळेल असा. आबा बाकाला धरून तसेच उभे होते. मावशीचा मुलगाही बसला नाही.